टोमॅटोच्या बॅगेत झेंडू लावावा की शेजारी वेगळा? (बाल्कनीत फुलं आणि भाज्या एकत्र)

नवी_पालवी

नमस्कार मंडळी. पुण्यात पाचव्या मजल्यावर दक्षिणमुखी बाल्कनी आहे, १४ फूट लांब, ५ फूट खोल. डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब, उंची ९ फूट, कठड्याच्या जागी उभ्या गजांचं ग्रिल. गणपती झाले की हिवाळी लागवडीची तयारी सुरू करायची आहे.

हाताशी असलेल्या कुंड्या: १५ × १५ इंची ग्रो बॅग ६, १२ × १२ इंची ४, रंगाच्या २० लिटरच्या बादल्या ५ आणि ग्रिलला अडकवायच्या लांबट कुंड्या ६ (४५ सेंमी लांब, १५ सेंमी रुंद, १५ सेंमी खोल). जास्वंदीची एक मोठी कुंडी आधीपासून आहे.

लावायचं आहे ते असं: टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी, मेथी, कोथिंबीर, पालक. फुलांत झेंडू, शेवंती, झिनिया, चिनी गुलाब आणि गोकर्णाचा वेल.

प्रश्न चार.
१. टोमॅटोच्या बॅगेतच झेंडू लावला तर चालतो का? जागा वाचेल.
२. झेंडू लावला की कीड येत नाही, हे कितपत खरं?
३. कोणतं फुलझाड कोणत्या भाजीजवळ अजिबात ठेवू नये?
४. फुलांवर फवारायची औषधं भाज्यांच्या शेजारी वापरता येतात का?

मातीचा_हात

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बॅगेच्या लिटरमध्ये आहे, म्हणून आधी तो हिशोब.

१५ × १५ ची बॅग काठोकाठ ४३ लिटरची. पाणी साचायला वरचे दोन इंच मोकळे सोडले आणि मिश्रण थोडं बसलं की हाताशी ३५-३६ लिटर उरतात. १२ × १२ ची बॅग २२ लिटरची, भरल्यावर १८. तुमची ग्रिलवरची कुंडी १० लिटरची, भरल्यावर जेमतेम ८.

एका टोमॅटोला २० ते २५ लिटर लागतात, वांग्याला २०, मिरचीला १० ते १२, भेंडीला १२ ते १५. मेथी-कोथिंबिरीला लिटर मोजायची गरज नाही, १५ सेंमी खोली मिळाली की पुरे. बुटका फ्रेंच झेंडू (२०-३० सेंमी उंचीचा) ४-५ लिटरमध्ये नीट फुलतो. तोरणाचा उंच आफ्रिकन झेंडू ६०-९० सेंमी होतो आणि त्याला १० लिटरच्या खाली समाधान नाही.

म्हणजे ३५ लिटरच्या बॅगेत एक टोमॅटो आणि काठावर एक फ्रेंच झेंडू बसतो. एक. दोन टोमॅटो आणि दोन झेंडू बसत नाहीत. रोपं लावताना जागा भरपूर दिसते, पण सहा आठवड्यांनी बॅगेच्या भिंतीला आतून मुळांची जाळी झालेली असते आणि भर दुपारी टोमॅटो मान टाकतो. त्यात पाण्याची वेळ चुकत गेली की फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो. त्याला लोक रोग समजून बुरशीनाशक मारतात. प्रत्यक्षात तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याचा परिणाम असतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, पाण्यात खंड पडला की त्यातही खंड. बॅगेत झाडं जास्त म्हणजे पाणी लवकर संपणार, आणि डाग हमखास पडणार. अंड्याची टरफलं टाकून त्या हंगामात काही साधत नाही, ती कुजायला फार वेळ घेतात. वेळच्या वेळी पाणी आणि वर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढ्यावर तो डाग बहुतेक वेळा थांबतो.

दुसरी अडचण खताची. टोमॅटो खादाड आहे. लावल्यापासून दर १५ दिवसांनी दोन मुठी गांडूळखत किंवा शेंगदाणा पेंडेचं पाणी त्याला लागतंच. (१०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात ३-४ दिवस भिजवायची, गाळून दहापट पाणी घालून द्यायची.) एवढं नत्र झेंडूला मिळालं की तो नुसता पाल्यावर जातो, गर्द हिरवा नि कळ्या मोजक्या. म्हणून टोमॅटोच्या बॅगेतला झेंडू फुलांसाठी कधीच फार समाधान देत नाही. दसरा-दिवाळीला फुलं हवी असतील तर झेंडू वेगळ्या बादलीत लावा.

एकाच बॅगेत खरोखर जमणाऱ्या जोड्या माझ्या मते मुदतीवरून ठरतात. एक सावकाश वाढणारं झाड आणि एक लवकर निघून जाणारं. टोमॅटो किंवा वांग्याचं रोप मधोमध लावलं त्याच दिवशी काठाने गोल मेथी पेरा. २५-३० दिवसांत मेथी मुळासकट उपटून घरात येते, तोवर टोमॅटोला ती जागा लागलेलीच नसते. कोथिंबीर ४०-४५ दिवस घेते, तीही चालते. धने मात्र रगडून दोन फाकी करून पेरा. पालकाला सतत ओल हवी, तो मिरचीच्या बॅगेत नको. मिरचीची मुळं सततच्या ओलीत कुजतात.

चिनी गुलाब कोणत्याही भाजीबरोबर नको. त्याला दोन पाण्यांमध्ये माती कोरडी व्हायला हवी. ग्रिलवरच्या दोन कुंड्या त्याला एकट्याला द्या, सगळ्यात जास्त उन्हाच्या.

मिश्रण: लाल माती किंवा पोयटा ३ घमेली, भिजवून पिळलेलं कोकोपीट ३ घमेली, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३ घमेली. १५ इंची बॅगेला त्यात निंबोळी पेंड दोन मुठी. कोकोपीट दोन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यातले क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. निव्वळ काळी माती वापरू नका, कुंडीत ती सुकली की बाजूने सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. बॅग हलकी करायची तर रसवंतीतलं चिपाड आणून तळाचा एक तृतीयांश भाग भरता येतो. कच्चं चिपाड कुजताना नत्र ओढून घेतं, त्यामुळे थरावर एक घमेलं शेणखत पसरायचं आणि महिनाभर ओलं ठेवून मगच रोप लावायचं. पातळी खाली बसते, वरून भर घालावी लागते.

बादल्यांच्या तळाला बोटभर रुंदीची ५-६ भोकं पाडा आणि विटांवर ठेवा. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत आहे, ती सोडून द्या. बारीक मिश्रणातलं पाणी खडीत सहजी उतरत नाही, खडीच्या वरच अडून राहतं. परिणामी ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी पुरते.

जागेची मांडणी: उंच झाडं भिंतीकडे, बुटकी ग्रिलकडे.

तुडतुडा

ताई, दुसरा, तिसरा आणि चौथा प्रश्न मी घेतो.

झेंडूने कीड पळते, हे असं सरसकट म्हणणं चूक आहे. झेंडूची तीन वेगवेगळी कामं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली जातात.

पहिलं, मुळांतलं. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने मातीतले सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) कमी होतात, हे खरं. पण त्यासाठी त्या मातीत झेंडू दाट लावून दोन-तीन महिने वाढवावा लागतो आणि मग तिथे भाजी घ्यायची असते. टोमॅटोशेजारी एक रोप खोचून ते काम होत नाही. नव्या मिश्रणात सूत्रकृमी सहसा नसतातही. हंगामाच्या शेवटी टोमॅटो उपटल्यावर मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर त्या बॅगेत पुढे टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी काही लावायचं नाही, तेव्हा झेंडू लावायचा. किंवा एप्रिल-मेमध्ये ते मिश्रण ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात तापवायचं. त्याला भर ऊन लागतं, ते बाल्कनीत मिळणार नाही, गच्चीवर जागा मिळाली तरच करा.

दुसरं, सापळ्याचं. टोमॅटोचं फळ पोखरणारी अळी, म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळीच, तिची मादी झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालायला येते. बंगळूरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेची शिफारस आहे: टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ, लावताना झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं. वयातला फरक मुद्दाम ठेवलाय, कारण दोन्ही एकाच वेळी फुलावर यायला हवीत. आता नीट पाहा, इथे झेंडू कीड घालवत नाही, बोलावतो. शेतात ती फुलं अळ्यांसकट तोडून नष्ट करतात. बाल्कनीत तुम्ही रोज सकाळी फूल उलटून पाहिलं नाही, तर तीच अळी टोमॅटोवर जाईल. फुलात काळसर विष्ठेचे कण दिसले की पाकळ्या फाकवा, आत अळी असतेच.

तिसरं, मित्रकीटकांचं. ते काम तोरणाच्या गच्च झेंडूपेक्षा एकेरी पाकळ्यांची फुलं फार चांगलं करतात.

आणि झेंडूची एक उलटी बाजू कोणी सांगत नाही. कोरड्या हवेत त्याच्यावर लाल कोळी जबरदस्त येतो. पानं धुरकट, बारीक पांढरट ठिपक्यांची दिसायला लागतात, नंतर शेंड्याला जाळं. पानाची खालची बाजू पांढऱ्या कागदावर घासा, लालसर रेघ उठली तर कोळी आहे. तिथून तो वांगी आणि घेवड्यावर उतरतो. फेब्रुवारी उजाडला की थकलेला झेंडू बाल्कनीत ठेवूच नका. तोवर पानांच्या खालून पाण्याची जोरदार फवारणी, आठवड्यातून दोनदा, सकाळी.

आता शेजारी न ठेवायच्या जोड्या.

मिरची आणि शेवंती. तुमच्या यादीतली ही सर्वांत वाईट जोडी. गुलाब असेल तर तोही यातच धरा. फुलकिडे फुलांत राहतात, पाकळ्यांच्या बेचक्यात, तिथे फवारणी पोचत नाही. शेवंती फुलली की त्यांचं माहेरच होतं आणि तिथून ते मिरचीच्या कोवळ्या शेंड्यावर येतात. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे. खाली वळून, देठ लांबून अरुंद झाली तर कोळी. दोन्हींना लोक एकच 'बोकड्या' म्हणतात आणि चुकीचं औषध मारतात. ओळखायची पद्धत सोपी: शेवंतीचं उमललेलं फूल पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झटका. मिलिमीटरभर लांबीच्या, पिवळसर-तपकिरी काडीसारख्या वस्तू पडतील. क्षणभर थांबून त्या पळू लागल्या की फुलकिडे. शेवंती बाल्कनीच्या एका टोकाला, मिरची दुसऱ्या टोकाला, मध्ये निळा चिकट सापळा एक. पिवळा सापळा पांढरी माशी आणि माव्यासाठी, निळा फुलकिड्यांसाठी.

भेंडी आणि जास्वंद. दोघी एकाच कुळातल्या. पिठ्या ढेकूण, तुडतुडे, मावा, सगळं सामायिक. जास्वंदीच्या कळीच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखं दिसलं की आधी मुंग्या बघा. मुंग्या त्या चिकट गोडव्यासाठी ढेकणांची राखण करतात आणि त्यांना इकडून तिकडे नेतात. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय ढेकूण हटत नाही. कुंडी विटांवर, विटा पाण्याच्या ताटलीत, आणि कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ढेकूण पुसून काढा.

पालेभाजीच्या कुंडीत सदाफुली, कण्हेर, घाणेरी यांतलं काही नको. घाईत मूठभर पाला खुडताना विषारी पान हातात येऊ शकतं. हा नियम मी फार कडक पाळायला सांगेन, विशेषतः घरात लहान मुलं भाजी तोडत असतील तर.

चौथ्या प्रश्नाला एकच नियम: ज्या बाल्कनीत खायची भाजी आहे तिथे फुलझाडालाही भाजीला चालेल तेवढंच औषध. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं मुळांतून अख्ख्या झाडात चढतात, मधात आणि परागातही. एकाच बॅगेत झेंडूला दिलेलं औषध टोमॅटो पिणारच. म्हणूनच नर्सरीतून आणलेलं फुललेलं रोप भाजीच्या बॅगेत लावू नका. त्याच्या मातीच्या गोळ्यात काय घातलंय ते बाहेरून कळत नाही, शिवाय ते बुटकं राहण्याचं औषधही दिलेलं असू शकतं. सामायिक बॅगेतलं फुलझाड बियांपासूनच करा. नर्सरीची रोपं १५ दिवस इतरांपासून दूर ठेवून मग ओळीत आणा.

फवारायला कडुनिंबाचं तेल ५ मिली प्रति लिटर. आधी १-२ मिली द्रवसाबण थोड्या कोमट पाण्यात फेटून त्यात तेल मिसळा, मग उरलेलं पाणी. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून, उघडी फुलं टाळून. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात.

उत्तरायण

वरची माहिती उत्तम आहे, फक्त मांडणीवर एक दुरुस्ती. 'उंच झाडं भिंतीकडे' हे उघड्या गच्चीवर ठीक. डोक्यावर स्लॅब असलेल्या दक्षिण बाल्कनीत गणित बदलतं.

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. ९ फुटांच्या स्लॅबखालून येणारं ऊन तेव्हा पूर्ण ५ फूट खोली ओलांडून भिंतीवर साधारण सव्वातीन-साडेतीन फुटांपर्यंत चढतं. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य ६७ अंशांच्या आसपास असतो, आणि दुपारचं ऊन ग्रिलपासून पावणेचार फुटांपर्यंतच जमिनीवर पोचतं. भिंतीलगतचा सव्वा फूट सावलीत. तिथे नुकतं लावलेलं टोमॅटोचं रोप बारीक, लांबुडकं होणार. डिसेंबरात तिथे ऊन येतं, पण तोवर झाड चार फुटांचं झालेलं असतं आणि त्याचा शेंडा स्लॅबच्या सावलीत शिरतो.

म्हणून टोमॅटो-वांग्याच्या बॅगा ग्रिलपासून दोन-अडीच फुटांवर, मधल्या ओळीत. टोमॅटो झुडपी वाणाचा घ्या, तीन-साडेतीन फुटांत आटोपणारा. भिंतीलगत पालक आणि कोथिंबीर, त्यांना ३-४ तासांचं ऊनही चालतं. ग्रिललगत मिरची आणि बुटकी फुलं. वेल मध्ये कुठेही चढवू नका, तो सगळ्यांचं ऊन खाईल. वेलाची जागा पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या टोकाला.

मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या काळात तुमच्या बाल्कनीत थेट ऊन जवळपास नाही. टोमॅटो-वांग्याचा पसारा मार्चअखेर आवरायचा, असंच धरून नियोजन करा.

वजनाचंही लक्षात असू द्या. भिजलेली १५ इंची बॅग ३५-४० किलो. सहा बॅगा म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपास. सगळ्या बाहेरच्या कडेला एका ठिकाणी गोळा करू नका, लांबीवर पसरवा. आणि ग्रिलवरच्या कुंड्या ग्रिलच्या आतल्या बाजूलाच अडकवा, प्रत्येकीला तारेचा वेगळा फास देऊन.

नवी_पालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. यावरून असं ठरवतेय: टोमॅटो ४ बॅगा, वांगी २ बॅगा, मधल्या ओळीत. मिरची १२ इंचीत, पूर्व टोकाकडे. जास्वंद आणि शेवंती पश्चिम टोकाला. काकडी आणि गोकर्ण एकाच जाळीवर पूर्व टोकाला चढवू का? भेंडी कुठे बसवू? आणि पाचव्या मजल्यावर मधमाश्या येतात का, की परागीभवन हाताने करावं लागेल?

सातेरी

मधमाश्या पाचव्या मजल्यावर येतात, त्यांना येण्यासारखं कारण द्यावं लागतं. एका फेरीत माशी शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. दहा प्रकारची एकेक झाडं लावलेली बाल्कनी तिला किरकोळ दुकानासारखी वाटते. त्यापेक्षा एकाच फुलाची ५-६ झाडं लगटून लावा. सब्जा सगळ्यांत भरवशाचा. ८-१० लिटरच्या कुंडीत तीन रोपं, पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत तुरे, आणि सकाळी उन्हं आल्यापासून त्यावर फुलोरी नि सातेरी माश्या. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, दोन-चार फांद्यांवर राहू द्या. झिनिया एकेरी पाकळ्यांची घ्या. गच्च दुहेरी फुलांत पराग देणारा भागच पाकळ्यांत बदललेला असतो, त्यामुळे दिसायला भरगच्च आणि माशीच्या हाती फार थोडं.

कोथिंबीर आणि शेपू थोडे फुलावर जाऊ द्या, एका ग्रिलकुंडीत मुद्दाम. त्या बारीक पांढऱ्या-पिवळ्या छत्र्यांवर सिरफिड माश्या, ढालकिडे, क्रायसोपा येतात. त्यांची पिल्लं मावा खातात. या एका कुंडीचं मोल झेंडूच्या चार कुंड्यांहून जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ढालकिड्याची अळी ओळखायला शिका: काळसर, मगरीसारखी, अंगावर नारिंगी ठिपके. ती कीड समजून बहुतेक घरांत चिरडली जाते.

टोमॅटो, मिरची, वांगी यांना दुसऱ्या फुलाचा पराग लागत नाही. टोमॅटो आणि वांग्याचा पराग नळीसारख्या भागात कोंडलेला असतो, तो हादऱ्याने सुटतो. भुंगा फुलाला धरून जो घुंईं आवाज काढतो तो त्यासाठीच. मधमाशीला ते जमत नाही. भुंगे येत नसतील तर सकाळी १०-११ च्या सुमारास, दव सुकल्यावर, फुलांच्या घोसामागच्या देठावर बोटाने हलक्या टिचक्या मारा. विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश असेल तर त्याची मागची बाजू देठाला दोन-तीन सेकंद टेकवा, बारीक पिवळी भुकटी उडताना दिसते. एक दिवसाआड पुरे.

काकडीत नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी, लव असलेली चिमुकली काकडी असते, नराच्या मागे नुसता देठ. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस नर फुलंच येतात, तेव्हा घाबरून खत वाढवू नका. परागीभवन झालं नाही की ती चिमुकली काकडी टोकाकडून पिवळी पडून सुकते. सकाळी १० च्या आत ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला भाग मादीच्या मध्यावर दोन-तीनदा हळूच फिरवा. पुढे कधी दुधी लावलात तर हे संध्याकाळी करावं लागेल, त्याचं फूल संध्याकाळी उमलतं.

तुडतुडा

भेंडीचा पेच आपोआप सुटतो. थंडीत भेंडी लावायचीच नाही. रात्री गार झाल्या की ती खुंटते, वीतभर उंचीवर दोन-तीन भेंड्या देऊन थांबते. फेब्रुवारीत तिच्यासाठी दोन बादल्या मोकळ्या करा, पूर्व टोकाला, जास्वंदीपासून दूर. भेंडीवर 'हळद्या' (पानांच्या शिरा पिवळ्या करणारा विषाणूचा रोग) येतो. एका पानाच्या शिरा पिवळ्या दिसल्या की तेच झाड उपटायचं. पांढरी माशी तो रोग शेजारच्या बादलीत नेते.

काकडी आणि गोकर्ण एका जाळीवर नको. गोकर्ण बहुवर्षायू, चिवट. महिन्याभरात काकडीच्या वेलाला विळखा घालतो आणि काकडीची मोठी पानं झाकली जातात. तशीही डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत काकडी रेंगाळते. जानेवारीच्या शेवटी पेरा. आत्ता त्या जाळीवर मटार चढवा: १२ इंची एका बॅगेत ७-८ दाणे, रात्रभर भिजवून, अडीच सेंमी खोल, ऑक्टोबरच्या मध्यानंतर. परागीभवनाचा प्रश्न नाही, फूल आतल्या आत फळतं. जानेवारीत भुरी पडेल, तोवर शेंगा निघालेल्या असतात. गोकर्ण पश्चिमेच्या टोकाला स्वतःच्या बादलीत.

मातीचा_हात

@उत्तरायण, भिंतीची दुरुस्ती मान्य, मी स्लॅब लक्षातच घेतला नव्हता.

ताई, तारखा अशा धरा. आफ्रिकन झेंडू सापळा म्हणून हवा असेल तर बी या आठवड्यातच ट्रेमध्ये, टोमॅटोचं त्यानंतर १५ दिवसांनी. म्हणजे दोन्ही ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी लावता येतील. चार टोमॅटोंना उंच झेंडूची एक बादली पुरते, मधल्या ओळीच्या टोकाला. लावल्यावर महिन्याभराने तिचा शेंडा खुडला की फुटवे वाढतात, पण फुलं आठवडा-दोन आठवडे मागे जातात. सापळ्याच्या झेंडूचा शेंडा म्हणून खुडू नका, नुसत्या फुलांसाठी लावलेल्याचा खुडा.

या वर्षीच्या दसऱ्याला यातलं फूल मिळणार नाही, त्यासाठी पेरणी जून-जुलैत व्हायला हवी होती. दसऱ्याच्या तोरणातली फुलं सुकवून पुढच्या वर्षी बी म्हणून वापरता येतात. एक बाजू काळी, दुसरी फिकट केसाळ अशी काडी म्हणजे बी. मात्र बाजारातलं फूल बहुतेक संकरित असतं, त्याच्या बियांची झाडं आणि फुलं एकसारखी येत नाहीत. सापळ्याला चालतील, तोरणाला भरवसा नाही.

शेवंतीबद्दल एक राहिलं. ती दिवस लहान झाले की कळ्या धरते. तिच्यावर रात्री बाल्कनीचा दिवा पडत असेल तर तिला रात्र कळत नाही आणि कळ्या लांबतात. पश्चिम टोकाला दिवा असेल तर तो ऑक्टोबरपासून बंद ठेवा, नाहीतर शेवंती आणि जास्वंद यांच्या जागांची अदलाबदल करा.

नवी_पालवी

दिवा नेमका पश्चिम टोकालाच आहे, जास्वंदीच्या वर. शेवंती मग टोकापासून चार फूट अलीकडे घेतली, तर मिरचीपासून सहा फूट राहतात. चालेल ना?

तुडतुडा

चालेल. वारा कुठल्या बाजूने येतो ते बघा. फुलकिडे स्वतः फार लांब उडत नाहीत, वाऱ्यावर जातात. हिवाळ्यात वारा शेवंतीकडून मिरचीकडे येत असेल तर निळा सापळा मिरचीच्या शेंड्याच्या उंचीवर, शेवंतीच्या बाजूला लावा आणि शेवंतीची वाळलेली फुलं झाडावर ठेवू नका. खुडली की लगेच पिशवीत बांधून बाहेर, कंपोस्टच्या बादलीत नाही.